तो कालवा, ते कालव

आमच्या विंचुरात समुद्र येतो तो वाळून येतो. आठवडे बाजाराच्या एका कडेला गोणपाटावर सुकट, बोंबील आणि सोडे मांडलेले असतात. ज्यांना तो वास चालतो ते तिकडे वळतात, बाकीचे चार पावले लांबून जातात. एरवी गाव कांद्याचे आणि द्राक्षांचे. लासलगाव अगदी शेजारी. हंगामात कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगांतून वाट काढत महाविद्यालयात पोचावे लागते. समुद्र येथून दोनशे किलोमीटर दूर. अशा ठिकाणी राहून अठरा-वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या आम्हा नवराबायकोला समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांचे नर-मादीपण जनुकांच्या पातळीवर कसे ठरते, यावर चार पाने लिहावीशी वाटली, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. आमच्या सहकाऱ्यांनाही वाटले. त्याला कारण झाली एक उत्तरपत्रिका, आणि तिच्यावर लाल शाईने केलेली आमची चूक.

बी. ए.च्या व्याकरणात लिंगविचार येतो. आमची उदाहरणे ठरलेली आणि गावातलीच : तो कांदा, ती चाळ, ते द्राक्ष. कांद्यात पौरुष नाही, कांदाचाळीत स्त्रीत्व नाही. ही लिंगे काल्पनिक, रूढीने आलेली. बैल-गाय, मोर-लांडोर यांची लिंगे मात्र वास्तविक, निसर्गाने दिलेली. मध्ये घार, पाल, मुंगी, गरुड, सुरवंट हे अपवाद सांगून टाकायचे आणि पुढे जायचे. व्याकरण लहरी, निसर्ग मात्र नेमका, असा या साऱ्याचा न बोललेला सारांश. मग फळ्यावर 'नपुंसकलिंग' हा शब्द लिहिला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. दरवर्षी पिकते. ती आम्ही कधी थांबवली नाही. रुक्ष तासाला तेवढाच विरंगुळा म्हणून तिच्यात आमचे स्मितही मिसळत असे. हे कबूल केल्याशिवाय पुढचे लिहिता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेत आम्ही प्रश्न घातला होता : 'प्राणिवाचक नामांचे लिंग वास्तविक असते, हे विधान सोदाहरण तपासा.' एका उत्तरपत्रिकेत लिहिले होते की, कालव हे प्राणिवाचक असून नपुंसकलिंगी आहे. पण त्याचे वास्तविक लिंगही कायम नसते, तेव्हा येथे व्याकरणच निसर्गापेक्षा शहाणे ठरते. आता निफाड तालुक्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे 'काल' आणि 'व' ही अक्षरे आली की एकच चित्र उभे राहते : नांदूरमध्यमेश्वराहून निघणारे गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे. आमची लाल शाई लगेच धावली. "कालवा पुल्लिंगी. प्राणिवाचक कसा?" दहापैकी तीन गुण. कोकणातल्या कथा-कादंबऱ्या वर्षानुवर्षे शिकवलेल्या आम्हा दोघांनाही समुद्रातले कालव आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी ती उत्तरपत्रिका आमच्या टेबलावर परत आली. "सर, कालवा नाही. कालव. खडकाला चिकटलेलं असतं." आईचे माहेर रत्नागिरीकडचे, बारावी शास्त्र शाखेतून, आणि मग मराठीच्या ओढीने आमच्याकडे, अशी माहिती त्या चार मिनिटांत कळली. आम्ही तीनाचे पाच केले. आणि वर शहाणपण शिकवले की परीक्षेत पुस्तकातली उदाहरणे लिहावीत, म्हणजे परीक्षकाचा गैरसमज होत नाही.

त्या विद्यार्थ्याविषयी लिहिताना आम्ही वाक्ये जरा वळवून लिहीत आहोत, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. मराठीत माणसाविषयी एक साधे वाक्य लिहायचे तर क्रियापद आधी 'आला' की 'आली' हे विचारते. बंगालीत हा प्रश्न पडत नाही. आपल्याकडे 'मी जातो' आणि 'मी जाते' यांतून बोलणाऱ्याचीही सुटका नाही. सुटका आहे ती फक्त अनेकवचनात. 'आम्ही जातो' हे नवऱ्याने म्हटले की बायकोने, हे क्रियापद सांगत नाही. हा लेखही आम्ही त्याच आडोशाने लिहितो आहोत.

दोन वर्षांपूर्वी त्याच विद्यार्थ्याचा फोन आला. मधल्या काळात शहर बदलले होते, नाव बदलले होते. गुणपत्रिकेवरचे जुने नाव बदलून घ्यायचे होते, आणि इतर कागदांबरोबर, शिकवणाऱ्यांनी ओळख पटवून देणारे एक पत्र हवे होते. कारण काय, शरीराचे की मनाचे, जन्मापासूनचे की पुढे उमगलेले, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. फोन ठेवल्यावर आम्हा दोघांनाही आधी ती उत्तरपत्रिका आठवली, आणि मग वर्गातला तो हशा. ज्या उत्तराला आम्ही अप्रस्तुत ठरवले होते, ते लिहायला किती धैर्य लागले असेल याचा हिशेब तेव्हा कुठे लागू लागला. पत्राचा मसुदा करण्याआधी आम्ही वाचायला बसलो. प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी लेख दिले, शंका निरसल्या, आमची थट्टाही केली. आणि त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रत्नागिरीला गेलो.

रत्नागिरीच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते, ती भाट्याची खाडी. ओहोटीला खडक उघडे पडले की त्यांच्यावर राखी रंगाचे, खरबरीत, धारदार कवचांचे थर दिसतात. तीच कालवे. एक शिंप खडकाला सिमेंट लावावे तशी घट्ट बसलेली, दुसरी तिच्यावर झाकणासारखी. कालव नर आहे की मादी याची बाहेरून कोणतीही खूण नाही. कवच उघडून आतल्या पिवळट गराचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, तेव्हा त्यात अंडी आहेत की शुक्रपेशी हे कळते. आणि सहसा, कळते तेव्हा प्राणी मेलेला असतो. त्यामुळे 'यंदा तू मादी आहेस, पण गेल्या साली कोण होतीस?' हे एकाच कालवाला विचारणे फार अवघड. अॅरिस्टॉटलने तर हा प्रश्नच मोडीत काढला होता. कवचधारी प्राणी चिखलातून आपोआप उपजतात, त्यांच्यात नर-मादी असा भेदच नसतो, असे त्याचे मत.

भेद असतो, पण तो माणसाच्या अपेक्षेसारखा वागत नाही. १९३१ साली आवटी आणि राय या दोघांनी मुंबईच्या कालवावर एक सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. आवटी हे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या प्रबंधातली एक नोंद आम्हाला एखाद्या लघुकथेच्या बीजासारखी वाटली. काही कालवांच्या कवचात वाटाण्याएवढा एक खेकडा बिऱ्हाड करून राहतो आणि कालवाने पाण्यातून गाळून घेतलेले अन्न परस्पर लाटतो. असा भाडेकरू ज्यांच्या घरात आहे त्या कालवांत नरांचे प्रमाण बरेच जास्त आढळले. कारण उघड आहे. अंडे घडवायचे तर त्यात पिवळ्याची शिदोरी भरावी लागते. शुक्रपेशीला तेवढा खर्च नाही. खाणे कमी पडले की मादी होणे परवडत नाही. एक प्राणी नर का, याचे उत्तर त्याच्या घरात दुसरे कोण जेवते आहे यावर अवलंबून असावे! आमच्या व्याकरणातल्या 'वास्तविक लिंगा'ला पहिला तडा येथे गेला.

कालवाची सर्वसाधारण जीवनकथा अशी. मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी पाण्यात सोडते. त्यांतून निघालेली पिल्ले दोन-तीन आठवडे लाटांवर तरंगतात, मग एखादा खडक गाठून स्वतःला कायमचे चिकटवून घेतात. या वयात ती नरही नसतात, मादीही नसतात. (मराठीने हे फार पूर्वीच ओळखले असावे. वासरू, करडू, कोकरू, शिंगरू, पाडस, पिल्लू, लेकरू : आपल्या भाषेत बाळपण बहुधा नपुंसकलिंगी असते. लिंग ही मोठेपणी अंगावर येणारी गोष्ट आहे.) पहिल्या हंगामात त्यांतली बरीच नर होतात, आणि पुढे वाढ झाली की त्यांतली पुष्कळशी मादी. काही पुन्हा नर होतात. दोन हंगामांच्या मधल्या काळात बीजकोश जवळजवळ रिकामा होतो, आणि पुढच्या हंगामात तेथे काय घडवायचे हे जणू नव्याने ठरते.

हे ठरवते कोण? माणसात याचे उत्तर, शाळेतल्या पुस्तकापुरते तरी, सोपे आहे. एक्स आणि वाय ही गुणसूत्रे, आणि वायवर १९९० साली सापडलेले एसआरवाय नावाचे जनुक. गर्भात ते ठरावीक वेळी जागे झाले की वृषण घडू लागते. कालवात असे वेगळे दिसणारे गुणसूत्रच नाही. या विषयाचा अभ्यास सर्वाधिक झाला तो मूळच्या जपानकडच्या पॅसिफिक कालवावर (भाट्याच्या कालवांवर नव्हे, हे सांगायला हवे). त्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात, आणि कोणत्याही जोडीत 'हा नवरा, ही बायको' असा फरक दिसत नाही. १९९८ साली शिमिंग ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक कुळांचे संकर करून, संततीतल्या नर-माद्यांची गणती करून असे मांडले की, एका ठिकाणच्या जनुकाची दोन रूपे असावीत. एक रूप वाट्याला आले तर कालव जन्मभर नर राहते. ते नसेल तर सुरुवात नराने करून पुढे मादी होण्याची मुभा असते. म्हणजे जनुकांनी लिहून ठेवलेले असते ते काहींचे लिंग, आणि उरलेल्यांची केवळ शक्यता. पुढे इतर अभ्यासकांनी या मांडणीत दुरुस्त्या सुचवल्या.

२०१२ साली या कालवाचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. २०१४ मध्ये ग्वो यांच्याच सहभागाने झालेल्या कामात तीन जनुके पुढे आली. त्यांतली दोन नरपणाच्या बाजूची, एक मादीपणाच्या. नराकडचे एक जनुक माणसातल्या एसआरवायच्या दूरच्या भावकीतले. दुसरे, माशी-किड्यांत 'डबलसेक्स' म्हणून प्रसिद्ध असलेल्या कुळातले. मादीकडचे फॉक्सएलटू. नराची जोडी जोरात असली की ती फॉक्सएलटूला दाबते. तिचा जोर ओसरला की फॉक्सएलटू वर येते आणि त्याच बीजकोशात अंडी घडू लागतात, असे त्यांनी सुचवले. आम्हाला जनुक म्हटले की शिलालेख आठवत असे : एकदा कोरला, संपला. येथे चित्र रस्सीखेचीचे आहे. दोर मध्यावर असतो, दोन्ही बाजूंनी ओढ चालू असते, आणि जे लिंग आपल्याला दिसते ती दोराची त्या हंगामातली जागा.

ही मजा फक्त खाडीतल्या चिखलात चालते असे समजून आम्ही निर्धास्त होतो. पण सहकाऱ्यांनी पुढचा लेख हातात ठेवला, तो उंदरांचा. २००९ साली प्रयोगशाळेत पूर्ण वाढलेल्या मादी उंदरांच्या अंडाशयातले फॉक्सएलटू बंद केले, तर अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या होऊ लागल्या. दोन वर्षांनी उलटा प्रयोग झाला. नरातले डीएमआरटीवन काढून टाकले, तर वृषणातल्या पेशी अंडाशयाच्या दिशेने निघाल्या. म्हणजे सस्तन प्राण्यातही हे प्रकरण गर्भात एकदा मिटून जात नाही. आयुष्यभर कोणीतरी दोर धरून उभे असते. कालवात तो हलताना दिसतो, उंदरात तो घट्ट धरलेला असतो, एवढाच फरक. आणि आपल्याकडच्या शेळ्या! जन्मतः बिनशिंगाच्या काही युरोपीय जातींच्या शेळ्यांत माद्यांना नराची लक्षणे येतात, हे शेळीपालकांना ठाऊक होते. २००१ मध्ये त्याचे मूळ सापडले ते फॉक्सएलटूच्या शेजारी तुटलेल्या गुणसूत्राच्या तुकड्यात. तेच जनुक, खाडीत आणि गोठ्यात.

या जनुकांच्या भावकीविषयी वाचताना आम्हाला आमची शिकवण्याची साधने वारंवार आठवली. १९९८ साली लक्षात आले की फळमाशीतले डबलसेक्स आणि एका सूक्ष्म कृमीतले नरपण घडवणारे जनुक ही एकाच घराण्यातली आहेत. त्याच घराण्यातले डीएमआरटीवन माणसात. 'हृ' हा एक धातू. त्याचा आहार होतो, विहार होतो, प्रहार आणि संहारही होतो. धातू ओळखू येतो, पण उपसर्गाने अर्थ कुठल्या कुठे जातो. त्याहून सरस दाखला सभंग श्लेषाचा. फळमाशीत डबलसेक्स हे जनुक नरात आणि मादीत अक्षरशः एकच असते. पेशी त्याचा मजकूर कोठे तोडायचा आणि कोठे जोडायचा हे वेगवेगळ्या तऱ्हेने ठरवते, आणि एका वाचनातून नराचे प्रथिन निघते, दुसऱ्यातून मादीचे. अक्षरे तीच, पदच्छेद निराळा. श्लेष अलंकाराला याहून चांगले उदाहरण आम्हाला पुस्तकात मिळालेले नाही. (परीक्षेत कोणी लिहिले तर यापुढे पूर्ण गुण.)

खेकडे आणि कोळंबी यांची तऱ्हा आणखी निराळी. तेथे नरपण एका इवल्याशा ग्रंथीत राहते. १९५४ साली एलेन शार्नियो-कोतों या फ्रेंच संशोधिकेने समुद्रकाठच्या वाळूत उड्या मारणाऱ्या एका किड्यासारख्या प्राण्यात ती शोधून काढली. नरातली ती ग्रंथी तिने मादीच्या अंगात बसवली, आणि त्या मादीला नराची अंगे फुटली. अंडाशयात शुक्रपेशी दिसू लागल्या. ही ग्रंथी जे संप्रेरक सोडते ते इन्शुलिनच्या कुळातले आहे हे पुढे कळले. विंचूरच्या विद्यार्थ्याला संप्रेरक म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. द्राक्षाच्या घडांना 'जीए'चे डिपिंग करणाऱ्या घरातला तो असतो. पाण्यात मिसळलेल्या एका रेणूने मणी कसा लांबतो हे त्याने पाहिलेले असते. तसाच हा एक रेणू, नरपणाचा.

इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातले अमीर सागी आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा शेतीला उपयोग केला. गोड्या पाण्यात वाढणारी, पण पिल्लांसाठी मचूळ पाण्याची गरज असणारी ती जंबो कोळंबी. तिच्यात नर जास्त वाढतो, म्हणून तळेवाल्याला सगळे नरच हवे असतात. माणसाच्या उलट, येथे दोन सारखी लिंगगुणसूत्रे नरात असतात, आणि दोन वेगळी मादीत. सागींनी लहान नरांना असे रेणू टोचले की त्या संप्रेरकाचा निरोप पेशीतच खोडला जावा. ते नर वाढून माद्या झाले, अंडी घालू लागले. गुणसूत्रे मात्र नराचीच. अशा मादीची सारी संतती नर! २०१२ साली हे केवळ एक जनुक गप्प करून साधल्याचे प्रसिद्ध झाले. जनुकाचे एक अक्षरही बदललेले नाही; फक्त एक निरोप पोचला नाही.

आणि हा निरोप खोडण्यासाठी इंजेक्शनच हवे असे नाही. कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असते की खेकडा उलटा केला, पोटावरचे झाकण निमुळते असेल तर नर, रुंद असेल तर मादी. सॅक्युलिना नावाचा एक परजीवी खेकड्याच्या अंगात मुळ्यांसारखा पसरतो. नर खेकड्याला तो लागला तर पुढच्या काती टाकताना त्या नराचे झाकण रुंद होत जाते, आणि त्याखाली मादीने आपली अंडी जपावीत तशी तो परजीवीची पिशवी जपतो, पाण्याने धुतो, वारा घालतो. आल्फ्रेद जियार या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८८७ मध्येच या प्रकाराला नाव दिले होते. बोनेलिया नावाच्या हिरव्या समुद्रकृमीची कथा तर माहीत असेलच : पिल्लू तळाला टेकले तर बहुधा मादी होते, मादीच्या लांब सोंडेवर टेकले तर दोन-तीन मिलिमीटरचा नर होऊन तिच्याच अंगात राहते. कोठे उतरलात, यावर सारे. ती सविस्तर सांगत बसत नाही.

रत्नागिरीहून परतल्यावर आम्ही वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी मराठीत आणलेले महाभाष्य काढले. पाणिनीच्या 'स्त्रियाम्' या सूत्रावर पतंजलीने जो विचार केला आहे, तो एम. ए.ला असताना आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. पतंजली आधी लोकांची व्याख्या घेतो : शरीरावरच्या खुणांवरून स्त्री-पुरुष ठरवावेत. मग ती तपासून मोडीत काढतो, कारण खाटेला कसल्याच खुणा नाहीत आणि खट्वा तर स्त्रीलिंगी. त्यानंतर तो जे सुचवतो ते आम्हाला तेव्हा निव्वळ शब्दच्छल वाटले होते. लिंग म्हणजे वस्तू नव्हे, व्यापार. साठणे, गोळा होणे हा एक. उसळणे, बाहेर टाकणे हा दुसरा. आणि दोहोंच्या मधली स्थिती हा तिसरा. जगातले काहीही क्षणभरदेखील स्वतःच्या जागी थांबलेले नसते, हे तिन्ही व्यापार सर्वत्र चालू असतात, आणि त्यांतले कोणते बोलायचे ते बोलणाऱ्यांच्या रूढीने ठरते. म्हणूनच एकाच किनाऱ्याला संस्कृतात तटः, तटी आणि तटम् अशी तिन्ही लिंगे. भाट्याच्या तटावर कालवे पाहून आलेल्या माणसाला हे वाचताना कसे वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. पतंजलीला जनुके माहीत होती असा दावा करणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला उभे राहायचे नाही. तो खाटेविषयी बोलत होता, कालवाविषयी नव्हे. पण 'वास्तविक' आणि 'काल्पनिक' अशी जी सरळ भिंत आम्ही दरवर्षी फळ्यावर बांधत होतो, ती त्याने बांधली नव्हती, एवढे खरे.

मग आम्ही एक चूक करता करता राहिलो. ओळखपत्राच्या मसुद्याबरोबर एक लांब पत्र लिहिले. त्यात हे सारे होते, कालव, फॉक्सएलटू, पतंजली; आणि त्या जुन्या उत्तराबद्दल, त्या हशाबद्दल क्षमायाचना. पाठवण्यापूर्वी फोनवर थोडे वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग उत्तर आले : "मॅडम, तेव्हा मला उदाहरण हवं होतं, म्हणून कालव शोधलं होतं. आता उदाहरण नकोय. गुणपत्रिका हवी आहे."

ते बरोबर होते. कालवाचे लिंग बदलते म्हणून माणसाला काही मिळावे, आणि न बदलते तर मिळू नये, हा कसला न्याय? उद्या कोणी सिंहाचा दाखला घेऊन उभा राहील. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींचा आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, तो शिंपल्यांची साक्ष काढून नव्हे. संविधान वाचून केला. २०१९ साली कायदा झाला, त्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीच्या दाखल्याची तरतूद झाली. तो दाखला या प्रकरणात केव्हाच मिळालेला होता. अडले होते ते एका कार्यालयातल्या एका अर्जावर.

लांब पत्र आम्ही फाडले आणि मसुदा पुन्हा घेतला. दोन मराठीचे प्राध्यापक एका परिच्छेदापुढे संध्याकाळभर बसले. 'सदर विद्यार्थी आमच्या वर्गात होता' लिहावे, तर एक बाजू. 'सदर विद्यार्थिनी होती' लिहावे, तर दुसरी. कर्मणी प्रयोग करून पाहिला, भावे प्रयोग करून पाहिला. सरकारी मराठीत तो फारच संशयास्पद दिसू लागला. शेवटी 'व्यक्ती' हा शब्द सापडला. व्यक्ती मराठीत स्त्रीलिंगी. पहिलवान असो की पुरोहित, तो व्यक्ती म्हणून 'ती'च. 'सदर व्यक्ती आमच्या परिचयाची असून ती तीन वर्षे आमच्या वर्गात शिकत होती.' वाचून दाखवले. पलीकडून हसू आले. "व्यक्ती चालेल."

पत्र विंचूरच्या टपाल कार्यालयातून नोंदणीकृत डाकेने पाठवले. दीड महिन्याने ते परत आले. मजकुरातल्या 'ती'भोवती कोणीतरी पेन्सिलने गोल केला होता, आणि समासात लिहिले होते : 'पु. / स्त्री? स्पष्ट करावे.' अक्षर वळणदार होते. कधीकाळी कोणा मराठीच्या शिक्षकानेच घटवून घेतलेले असावे. आम्ही त्याच कागदाखाली, 'व्यक्ती' हे नाम मराठीत नित्य स्त्रीलिंगी असते, अशी दोन ओळींची व्याकरणाची टीप लिहिली, दोघांनी सह्या केल्या आणि दाखल्याची प्रत जोडून ते पुन्हा टाकले. अद्याप उत्तर नाही.